पुट्टीचा गणपती

आमच्या बाल्कनीत माझ्या नवऱ्याच्या चार पँटी उभ्या आहेत. पाय खालून शिवलेले, आत माती भरलेली आणि कमरेतून मेथी, पालक, पुदिना आणि अळू उगवलेलं. लवकर निवृत्ती घेतल्यावर ऑफिसच्या पँटींचं काय करायचं, हा प्रश्न त्याने असा सोडवला. संध्याकाळी रस्त्यावरून वर पाहिलं की कमरेपासून वरची गायब असलेली चार माणसं आमच्या घरातून बाहेर बघत उभी आहेत असं वाटतं. नवीन वॉचमन पहिल्याच आठवड्यात वर येऊन विचारून गेला, "मॅडम, ऊपर सब ठीक है ना?" मी म्हटलं, सब ठीक है, मेथी है.

हे सगळं मीरारोडला आल्यानंतरचं. परळच्या चाळीतल्या खोलीत पर्यावरणाला आत शिरायला जागाच नव्हती. इथे वन बीएचके मिळालं, बाल्कनी मिळाली, संडास आणि बाथरूम वेगळे मिळाले आणि नवऱ्याला वेळ मिळाला. मी अजून ऑफिसला जातेय, त्यामुळे घरात काय काय वाचवलं गेलं ते मला संध्याकाळी कळतं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी पातेल्यांत साठवून त्याने लादी पुसायची. वॉशिंग मशीनचं पाणी संडासात टाकायचं, त्यामुळे आमच्या संडासात बाराही महिने फेस असतो. दुधाच्या पिशव्या धुऊन चिमट्यांनी दोरीवर लावायच्या. समोरच्या गुजराती भाभीला पहिल्यांदा ते कसलंसं तोरण वाटलं आणि ती सणाच्या शुभेच्छा देऊन गेली.

मला त्या कल्पनांचा राग नाही. आमची कचऱ्याची बादली आता जेमतेम भरते आणि घरच्या अळूची भाजी मी ऑफिसात मिरवत नेते. राग येतो तो नवऱ्याच्या चेहऱ्याचा. एक दुधाची पिशवी धुऊन झाली की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते आमच्या लग्नातल्या फोटोतही नाही. अति तेथे माती म्हणतात. आमच्याकडे ती आधी पँटींत शिरली आणि मग बाथरूमपर्यंत पोहोचली.

पण त्याआधी आईंचं सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात. त्या वर्षी आषाढात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेजेचे दोन चमचे घ्यायच्या आणि वाटी बाजूला सारायच्या. हातातली बांगडी कोपरापर्यंत वर जायला लागली. डॉक्टरांनी तपासून नवऱ्याला आणि मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता औषध नाही. खायला घाला. अंडी, मासे, जे खातील ते. खाल्लं तर उठतील." खाल्लं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आईंनी आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला होता. गळ्यातली चेन माझ्या नणंदेला दिली. गेल्यावर नेसवायची मोरपिशी साडी मला कपाटात दाखवून ठेवली आणि तिच्यावरचा ब्लाऊज शोधत बसू नकोस, तो कुणी बघत नाही, असंही सांगितलं. गावच्या, मुंबईच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून "आता काय, निघायचंच" म्हणून झालं. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता, नुसतं निघायचं बाकी होतं. फक्त एकदा, मी पेजेची वाटी घेऊन बसलेली असताना त्या म्हणाल्या, "गणपती होऊन जाऊ देत. मग उत्तनच्या ओल्या बोंबलांचं कालवण कर. तेवढं जाईल मला."

मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. तेव्हा श्रावण चालू होता. आमच्याकडे श्रावण लागल्यापासून गणपती जाईपर्यंत घरात मासा येत नाही. गणपती गेले की पितृपक्षात चालतो, कारण आमचे पितर तोच खाऊन पितर झाले. मग नवरात्र बसलं की परत बंद. म्हणजे गणपती जाण्यापासून घट बसेपर्यंत एवढीच वाट मोकळी होती. गणपती आमचा दीड दिवसाचा, त्यामुळे मी मनात बोंबलांची तयारी करून बसले होते.

इथे नवऱ्याचं पर्यावरण मध्ये आलं. बाजारातल्या मूर्तीत काय घालतात कुणाला माहीत, म्हणून मूर्ती घरी करायची आणि विसर्जनही घरीच, ड्रममध्ये करायचं, असं त्याने जाहीर केलं. मूर्ती विरघळली की ते पाणी पँटींना. कल्पना चांगली होती. त्याने शाडू आणला, हॉलमध्ये जुना पेपर पसरला आणि कामाला लागला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्याचा गणपती खरंच गणपती झाला. सोंड जरा जाड होती, पण डोळ्यांत माया होती. हळदीने आणि गेरूने रंगवला. आईंनी पलंगावरून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापासारखा दिसतोय." नवरा दिवसभर हवेत होता.

चतुर्थीला देव बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाली, मोरया झालं आणि बाथरूममधल्या निळ्या ड्रममध्ये देवाला हळूच बसवलं. हा ड्रम आमचा पाणी साठवायचा. मीरा-भाईंदरमध्ये ज्याच्या घरात मोठा ड्रम तो श्रीमंत, आणि तो आम्ही देवाला दिला. आई मुलाच्या खांद्याला धरून बाथरूमच्या दारापर्यंत आल्या, हात जोडले आणि परत जाऊन झोपल्या. मी मावशीला निरोप दिला. ही मावशी उत्तनच्या कोळीवाड्यातली. ती आमच्या सोसायटीच्या गेटवर मासळीची पाटी घेऊन बसते. उद्या बोंबील ठेव म्हणाले.

सकाळी ड्रममध्ये बघितलं तर पाणी खिचडीच्या रंगाचं झालं होतं. हळद, गेरू सगळं उतरलं होतं. देव मात्र तळाशी जसाच्या तसा, पांढराशुभ्र, हात वर करून आशीर्वाद देत बसलेला. नवरा म्हणाला, शाडूला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी दुधाच्या पिशव्या काढायला दोरीपाशी गेले, तर त्यांच्या रांगेत एक मोठी पिशवी धुऊन वाळत घातली होती. हॉलला रंग काढला तेव्हा भिंतीला लावायला आणलेल्या पुट्टीची. मी ती तशीच ओली घेऊन आत गेले.

"हे घातलंस मातीत?"

"उरली होती," तो म्हणाला. "फेकून द्यायची का? नुसत्या शाडूला तडे जात होते."

"ही पाण्याने घट्ट होते. सिमेंट असतं हिच्यात."

"हो, ते मी आत्ताच वाचलं."

म्हणजे आमचा देव दर दिवसाला जास्त मजबूत होत होता. मी कपाळावर हात मारला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तेव्हा आईंनी निकाल दिलेला होता. "विरघळला नाही म्हणजे गेला नाही. गेला नाही म्हणजे घरात आहे. आणि देव घरात असताना मी बोंबील खाऊ?" मी म्हटलं, आई, अनंत चतुर्दशीपर्यंत पालिकेचा कृत्रिम तलाव चालू असतो, तिथे नेऊ. त्या म्हणाल्या, "एकदा पाण्यात बसवलेला देव उचलून दुसऱ्या पाण्यात? तो काय सुका बोंबील आहे, परत परत भिजवायला?" भाभीचे मिस्टर गाडी घेऊन तयार होते. वरसावे पुलावर जाऊ, खाडी खोल आहे, पाच मिनिटांचं काम. त्याला नवराच आडवा आला. "खाडीत सिमेंट? मी?" असं म्हणून तो त्यांच्याकडे असा बघत राहिला की त्यांनी किल्ली खिशात टाकली. एकीकडे आईचा नेम आणि दुसरीकडे मुलाचं पर्यावरण, आणि मधे ड्रममध्ये देव. मला दोघांचाही राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा देवाचाही.

मग रोजचं आयुष्य सुरू झालं, म्हणजे ज्याला आम्ही तेव्हा आयुष्य म्हणत होतो ते. बाथरूम एकच. देवासमोर उघडं व्हायचं नाही, असं आईंनी पलंगावरून सांगितलं. त्यामुळे मी परकर छातीशी बांधून, नदीवरच्या बायका करतात तशी आंघोळ करायची. नवरा बनियन-लेंग्यावर करायचा आणि कपडे आपोआप धुतले जातात म्हणून त्यातही त्याला पाण्याची बचत दिसायला लागली. साबणाचा फेस ड्रममध्ये उडता कामा नये. एरवी तो बाथरूममध्ये सिनेमातली गाणी म्हणतो. आता आरत्या म्हणायला लागला. बाथरूममध्ये जाताना आम्ही चपला घालायचो, त्या आता बाहेर काढायला लागलो.

भाभी रोज दर्शनाला यायला लागली. ती दारात चपला काढायची, परत बाथरूमच्या दारात पाय पुसायची आणि ड्रममध्ये वाकून हात जोडायची. "विसर्जन नहीं हो रहा मतलब बाप्पा को आपके घर में अच्छा लग रहा है," ती मला म्हणाली. तिचं मन चांगलं आहे, म्हणून मी हो म्हटलं. मात्र तिने ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. त्याच दिवशी योगायोगाने टाकीला भरपूर पाणी आलं. झालं. दुसऱ्या विंगमधले लोक यायला लागले. बाथरूमवाला बाप्पा पाण्यासाठी पावतो, असं ठरलं. माणसं हॉलमध्ये रांगेत बसायची, एकेक जण बाथरूममध्ये जाऊन नवस करून यायचा की आठवडाभर पाणी नियमित येऊ दे. पूर्ण बिल्डिंगला पाणी आणि आमचा ड्रम अडकल्यामुळे आम्हीच तेवढे बादल्या मोजतोय. एक दिवस मी ऑफिसला उशिरा पोहोचले. साहेबांनी कारण विचारलं. बाथरूममध्ये भाविक होते, हे सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून रिक्षा मिळाली नाही म्हणाले.

गेटवर मावशी रोज विचारायची. "गेला का गो बाय तुमचा देव?"

"नाही मावशी."

"आजून घरान हाय? कुठं हाय?"

"बाथरूममध्ये."

तिने पाटीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "म्हातारी खाते काय?" मी नाही म्हणून मान हलवली. तिच्या पाटीत बोंबील चमकत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

कारण बाकी सगळं हसण्यावारी नेता येत होतं, पण आई खरंच उतरत चालल्या होत्या. नवऱ्याने पेजेत गुपचूप प्रोटीनची पावडर घातली. आईंनी पहिल्याच घासाला ओळखलं. "पेंड घालतोस मला, म्हशीसारखी?" त्या दिवसापासून पेजही बंद झाली. अनंत चतुर्दशी झाली, गावातले सगळे गणपती वाजतगाजत गेले, आमचा बसून राहिला. पितृपक्ष लागला. नवऱ्याने गरम पाणी ओतून पाहिलं, खायचा सोडा घालून पाहिला, व्हिडिओ पाहून कसलंसं आंबट पाणी तयार करून घातलं. देवाचं काही बिघडलं नाही. ड्रमला मात्र लोणच्याचा वास यायला लागला. पितृपक्ष सरत आला तेव्हा एका संध्याकाळी आईंना पाण्याचा ग्लास स्वतःच्या हातात धरता आला नाही. मी त्यांच्या ओठांना लावला, पाणी गळ्यावरून ओघळलं. मी पदराने पुसलं आणि बाहेर येऊन नवऱ्याला धरलं.

"देव तुझा, पुट्टी तुझी, आई तुझी. फोड त्याला."

तो स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता घेऊन आला आणि बाथरूममध्ये गेला. मी बाहेर उभी राहिले. आवाज येईना. आत डोकावले तर तो बत्ता धरून ड्रमसमोर उभा होता आणि रडत होता. "मला नाही जमत," म्हणाला. मी बत्ता त्याच्या हातातून घेतला. मी तशी धीट आहे. ड्रममध्ये वाकले. तळातून ते दोन डोळे वर बघत होते. मी बत्ता खाली ठेवला, हात जोडले आणि बाहेर आले. त्या रात्री मला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि त्याच्या पुढच्या दिवशी घट बसणार होते. सकाळी आईंनी काठी मागितली. नवऱ्याने धरायचा प्रयत्न केला तर त्याला बाजूला केलं. भिंतीला धरत धरत त्या बाथरूममध्ये गेल्या आणि आतून दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर उभे. तेवढ्यात नारळ घेऊन भाभी आली, तीही आमच्याबरोबर उभी राहिली. आतून बोलण्याचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मधेच आई हसल्यासारख्या वाटल्या. मला भीतीच वाटली.

दार उघडलं. "ड्रम उपसा," आई म्हणाल्या. "बाहेर काढा त्याला."

नवऱ्याने पाणी उपसलं आणि देवाला बाहेर काढलं. आईंनी स्वतःच्या टॉवेलने त्याला पुसलं, कान, पोट, सोंडेच्या खालची खाच, अगदी नीट. मग म्हणाल्या, "ओट्यापाशी ठेव, खिडकीत. तिथे ऊन येतं, सर्दी होणार नाही."

"पण आई," नवरा म्हणाला, "तो अजून..."

"निरोप दिला ना आपण? दिला. तो गेला? नाही गेला. माझंपण तेच झालंय. चेन दिली, साडी काढून ठेवली, पन्नास जणांना फोन करून सांगितलं. नाही गेले. निरोप घेऊनसुद्धा जो जात नाही तो पाहुणा नसतो, घरचाच असतो. नेम पाळायचे ते पाहुण्यासाठी. घरच्या माणसासमोर कुणी उपाशी बसतं का?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. त्या तिथेच दाराशी स्टुलावर बसल्या.

"अगं, पण मासे? त्याच्यासमोर?"

"मी विचारलं त्याला."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? इतके दिवस पाण्यात राहून आलाय. मासे म्हणजे काय ते तुझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघायला थांबले नाही. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून मी गेटवर धावले.

"गेला?" मावशीने विचारलं.

"नाही. राहिला. बोंबील दे."

तिने जास्त काही विचारलं नाही. बोंबील भरून दिले, वर मूठभर कोलंबी घातली आणि त्या कोलंबीचे पैसे घेतले नाहीत.

मी ओलं खोबरं, मिरची, धणे वाटले, वाटण परतलं, आंबटाला सोलं घातली आणि शेवटी बोंबील हलक्या हाताने सोडले. बोंबलाला उकळी जास्त झाली की त्याचं पाणी होतं, म्हणून मी पातेल्यासमोरून हलले नाही. खिडकीतून देव पातेल्यात बघत होता. वास जिन्यापर्यंत गेला असणार, कारण भाभीने तिचं दार हळूच लावून घेतलं. हळूच, एरवी ती धाडकन लावते.

आईंना पलंगावर उशी लावून बसवलं. मी भरवायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. भात कालवायला बराच वेळ लागला. पहिला घास तोंडात गेला आणि त्या डोळे मिटून नुसत्याच बसल्या. मला वाटलं, हाही जात नाही. मग त्यांनी गिळला. दुसरा घेतला. बोंबलाचा काटा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला, जसा त्या नेहमी ठेवायच्या, सरळ. नवरा दारात उभा राहून तो काटा बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, आणि मला ते लपवावेसे वाटले नाहीत.

आईंनी ताट अर्ध्यावर आणलं. मग मान वर करून स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे खिडकीत देव बसला होता, रंग गेलेला, नुसता पांढरा.

"उगाच दुसरा बनवत बसू नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. "पुढल्या वर्षी हाच बसवू. रंग मात्र मी लावीन. तुला सोंडेखाली जमलं नव्हतं."

नवरा हो म्हणाला. आईंनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि मी अजून एक बोंबील वाढला.